बेडमगाई

तलवाड्याच्या चन्नप्पा वाण्याला सत्तरीच्या उंबरठ्यावर एका शब्दाचा भयंकर तिटकारा आला होता. तो शब्द म्हणजे ‘बसा’.

लहानपणी सगळं जग त्याला ‘ऊठ’ म्हणायचं. पहाटे मामा ऊठ म्हणायचा, दुकानात गिऱ्हाईक आलं की मामी ऊठ म्हणायची, आणि जेवायला बसला की दोघं मिळून ऊठ म्हणायची. आता त्याच दुकानात गुळाच्या ढेपेला हात घालायचा अवकाश, मुलगा बसवराज म्हणायचा, “आप्पा, तुमी बसा.” पाहुण्याला पाणी द्यायला उठला तर सून म्हणायची बसा. गेवराईच्या तहसिलीतल्या शिपायानं निजाम सरकारच्या नोकरीत उभ्या जन्मात कुणाला बसा म्हटलं नव्हतं. तोसुद्धा एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, “बैठिये, चाचा.” त्या दिवशी चन्नप्पा जेवला नाही. बायकोनं, म्हणजे साखराबाईनं, कारण विचारलं तर म्हणाला पोट बिघडलंय. साखराबाईनं ओव्याचं पाणी आणून दिलं आणि वर सांगितलं, बसून प्या.

वर्षातून एकाच दिवशी त्याला बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात जाऊन जेवायचा हा सण तलवाड्याच्या बाजूला कुणी फारसा करत नाही. चन्नप्पाच्या घरानं तो कानडी मुलखातून येताना बरोबर आणला होता. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. मग घरच्या कर्त्यानं आंबिलीचं मडकं डोक्यावर घ्यायचं, वरून घोंगडी पांघरायची आणि साऱ्या शेताला फेरी घालायची. मागून एकजण तांब्यातली आंबील पिकावर शिंपडत जातो आणि बाकीचं गणगोत गलका करत चालतं. ते मडकं चन्नप्पाच्या डोक्यावर तो सहा वर्षांचा असल्यापासून होतं. बसवराजच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, त्याला नातू झाला, तरी मडकं काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. बिचारा अजून तांब्या घेऊनच बापाच्या मागं चालत होता.

मडक्याबरोबर एक मंत्रही होता. फेरी सुरू झाली की चन्नप्पा गोदेच्या पात्रापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडायचा, “चलबेडमगाऽ, मल्लगेनडीऽ!” आणि मागची लेकरंबाळं ओरडायची, “मल्लगेनडीऽ!” चन्नप्पा भरभर चालायचा. तरण्या जावयांना मागं टाकून फेरी पुरी करण्यात त्याला भूषण वाटायचं. मडक्यातला थेंबही सांडता कामा नये आणि पायही थांबता कामा नये, अशी त्याची फेरी असे.

मंत्राचा अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता, खुद्द चन्नप्पालाही नाही. मोठ्या दुष्काळात बाप वारला, तेव्हा आई त्याला आणि थोरल्या बहिणीला घेऊन भालकीकडून पायी चालत तलवाड्याला भावाच्या आसऱ्याला आली. मामाचं दुकान होतं, थोडं शेत होतं, पोरबाळ नसल्यानं दोन्ही पुढं चन्नप्पाकडंच आली, आणि दुकान सोडून मामा देवाच्या दारीसुद्धा जात नसे, मग शेतात कुठला जायला. दोन वर्षांनी पटकीत आई गेली. बहिणीचं लगीन करून तिला परत कानडी मुलखात धाडलं. मामाच्या घरी मीठसुद्धा मराठीत मागावं लागे, त्यामुळं चन्नप्पाच्या जिभेवरचं कानडी बघता बघता पुसलं गेलं. उरला तो हा मंत्र. आईनं येळवशीला म्हटलेला, एवढं त्याला पक्कं आठवत होतं, आणि एवढंच त्याला पुरत होतं.

अर्थ लावणारे गावात काही कमी नव्हते. जोशीबुवांनी मान डोलावत सांगितलं होतं की मल्लगेनडी हा मल्लिकार्जुनाचाच अपभ्रंश आहे. बीडच्या सरकारी मदरशात उर्दू शिकणारा नातू गुरुलिंग म्हणायचा, “आप्पा, ते मुल्क-ए-नदी हाय. नदीचा मुलूख. फारसी हाय ते.” फारसीत नदीला नदी म्हणतात का, हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण घरात तेवढीही फारसी दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

सगळ्यांवर कडी केली ती बांधाशेजारच्या राधाकिशननं. वीसेक वर्षांपूर्वी गारपीट झाली. चौफेर ज्वारी आडवी झाली आणि राधाकिशनची चन्नप्पाच्या बांधाला लागून असलेली पट्टी तेवढी उभी राहिली. राधाकिशननं विचार केला, ढग तर सगळ्यांचा एकच होता, मग आपलीच ज्वारी कावून वाचली? त्याला आठवलं, आठच दिवसांपूर्वी हे वाणी लोक इथूनच बेडमगा बेडमगा करत गेलते. झालं. त्यानं सामाईक बांधावर एक उभा दगड रोवला, शेंदूर फासला आणि जाहीर केलं की ही बेडमगाई, लई कडक देवी हाय. पुढं बाया तिला बांगड्या वाहू लागल्या. गुडघेदुखीवर ती विशेष गुणकारी असल्याची बातमी तर पार लिंबागणेशपर्यंत पोचली. चन्नप्पाच्या गळ्यात लिंग, त्याला दुसऱ्या देवाचं सोयरसुतक नसायचं. पण देवीचे मानकरी म्हणून लोक आपल्याला रामराम घालतात, हे पाहून तोही गप्प राहिला. साखराबाई चोरून हळदकुंकू वाहायची. गुडघे तिचेही दुखत होते.

आणि गुडघे चन्नप्पाचेही दुखत होते. मागच्या येळवशीला फेरीत दोनदा त्याचा पाय लटपटला. एकदा तर मडकं असं कललं की बसवराजनं हातातला तांब्या टाकून धाव घेतली होती. चन्नप्पानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं गुपचूप पुन्हा तांब्या उचलला. पण त्याच दिवसापासून घरात खलबतं सुरू झाली. मडकं आता म्हाताऱ्याच्या डोक्यावरून उतरलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याला सांगायचं कुणी, यावरही एकमत होतं. प्रत्येकाचं म्हणणं, दुसऱ्यानं.

शेवटी साखराबाईनं तोड काढली. चन्नप्पाची बहीण शिवगंगा पंचमीला माहेरी यायची, चिखलपाण्यात घराबाहेर न पडता चार दिवस राहून जायची. पण येळवशीला ती लग्नानंतर एकदाही आली नव्हती. कशी येणार? त्याच दिवशी तिच्या सासरच्या शेतातही हाच सण. यंदा मात्र तिथं पोरांनी वाटण्या केल्या होत्या आणि कुणाच्या कोपीत जेवायचं यावरून म्हातारी दोन्ही सुनांवर रुसली होती. साखराबाईनं निरोप धाडला, यंदा येळवस आमच्याकडं करा. बेत असा की इतक्या वर्षांनी बहीण येणार, मग चन्नप्पाला म्हणायचं, अक्का एकट्याच बसल्यात कोपीत, तुमी त्यांच्यापाशी बसा. म्हणजे बसाही म्हणून झालं आणि मानही राहिला.

शिवगंगा सात मुक्काम करत बैलगाडीनं आली. पाच वर्षांनी थोरली, पाठीतून वाकलेली, पण जीभ ताठ. उतरताच भावाकडं बघून म्हणाली की चन्ना, लई म्हातारा झालास रे. चन्नप्पा म्हणाला, तू आधी झालीस, मी तुझ्या मागं आलो. दोघं हसली आणि पडवीत बसून एकमेकांचे दात मोजू लागली. ते पाहून साखराबाईला बेत फत्ते झाल्यासारखा वाटला.

येळवशीच्या सकाळी तीन गाड्या शेतात गेल्या. लेकी आल्या, जावई आले, नाती आल्या आणि नातीची तान्ही आली. हरभरा घाट्यावर आला होता, करडई पिवळी फुलू लागली होती. कोपीत पांडव मांडले, नैवेद्य झाला. भज्जीचा वास इतका सुटला की राधाकिशन बोलावण्याची वाट न पाहता आपला तांब्या घेऊन बांधावर येऊन बसला.

मग साखराबाईनं घसा खाकरला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. “आवो, अक्का एकल्याच हायेत. यंदा तुमी त्यांच्यापाशी बसा.”

चन्नप्पानं साखराबाईकडं पाहिलं, बसवराजकडं पाहिलं आणि त्याच्या सारं ध्यानात आलं. त्याला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. दुकान बसवराजकडं गेलं होतं, घर सुनेकडं गेलं होतं, बैलांची निवड जावयांकडं गेली होती. मडकं गेलं की आपण कोपीतल्या सहाव्या पांडवासारखे नुसते एका जागी मांडून ठेवले जाणार, वरून चुनाही लावतील, असं त्याच्या मनात आलं. तो उठला, मडकं उचललं, डोक्यावर घेतलं, घोंगडी पांघरली आणि कुणाशी एक शब्द न बोलता चालायला लागला. बसवराजनं मुकाट तांब्या घेतला. शिवगंगा कोपीत भज्जी खात बसली होती, तिला या भानगडीचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी चन्नप्पा नेहमीपेक्षा भरभर चालला. गुडघा ठणकत होता, पण ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. पहिल्या कोपऱ्यावर वळून त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, “चलबेडमगाऽ, मल्लगेनडीऽ!”

कोपीत शिवगंगेचा घास हातातच थांबला. मागची पोरं ओरडली, “मल्लगेनडीऽ!” आणि म्हातारीला हसू फुटलं. साधं नव्हे. भज्जी नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, सुनेनं पाठ थोपटली, तरी थांबेना. चन्नप्पानं दुसऱ्यांदा आरोळी ठोकली, तशी ती पोट धरून आडवीच झाली.

वारं नेमकं कोपीकडून शेताकडं वाहत होतं. ते हसणं चन्नप्पाच्या कानावर आलं. त्याला वाटलं, आपल्या चालण्याला हसते आहे. तो संतापानं गर्रकन वळला. चेहरा वळला, मडकं वळलं, गुडघा मात्र वळला नाही. पाय सरीत गेला, मडकं कललं, आणि थंडगार आंबील घोंगडीवरून, कपाळावरच्या भस्मावरून, मिशीवरून खाली आली. बसवराजनं तांब्या फेकून वरच्यावर मडकं झेललं, म्हणून ते फुटलं तरी नाही. अर्धी आंबील गेली, अर्धी राहिली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जावयानं त्याला हाताला धरून बांधावर आणलं, आणि अगदी मायेनं, काहीही मनात नसताना म्हणाला, “आप्पा, तुमी बसा.”

चन्नप्पा बसला. बेडमगाईच्या दगडाला पाठ टेकून, मिशीतून आंबील गळत असलेला, खाली मान घालून बसला. नातवंडं लांब उभी राहिली. बसवराज अर्धं मडकं पोटाशी धरून उभा होता. एवढी वर्षं त्याला ते हवं होतं, आणि आता हातात आलं तर कुठं ठेवू असं त्याला झालं होतं.

शिवगंगा काठी टेकत, अजून डोळे पुसत, बांधापर्यंत आली. भावाची अवस्था पाहून तिचं हसू एकदम गेलं.

“हस की,” चन्नप्पा वर न बघता म्हणाला. “लंगडा झालोय मी. हस.”

“तुझ्या पायाला न्हाई रे हसले,” ती त्याच्याजवळ टेकत म्हणाली. “तू काय वरडतुस ते तुला ठावं हाय का?”

आईचा मंत्र हाय, असं तो म्हणाला. जोशीबुवांचं मत, गुरुलिंगची फारसी, हेही पुटपुटला.

“कसला मंतर. चेल्लबेड मगा, मेल्लगे नडी. आई तुला म्हणायची. सांडू नगंस लेकरा, हळू चाल.”

क्षणभर चन्नप्पाला कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी घरात ज्वारी नव्हती, शेजाऱ्यांकडून आणून आईनं एकच मडकं आंबील केली होती. मडकं घरच्या पुरुषानं वाहायचं, आणि मामा दुकान सोडून येईना. मग राहिला पुरुष कोण, तर हा सहा वर्षांचा चन्ना. आईनं त्याच्या डोक्यावर मडकं ठेवलं. शिवगंगा तांब्या घेऊन शिंपडत होती. आणि हा पोरगा मान मिळाला म्हणून असा फुगला की धावतच सुटला. आई बिचारी मागून साऱ्या शेतभर काकुळतीनं तेच सांगत होती, सांडू नकोस लेकरा, हळू चाल. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी आई नव्हती, तेव्हा यानं मडकं उचललं आणि तिचे शब्द स्वतःच ओरडत निघाला.

चन्नप्पा ऐकत राहिला. साठ वर्षांहून जास्त काळ तो गावाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःलाच हळू चालायला सांगत होता आणि धावत होता. त्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही एकदमच केलं. आंबिलीनं भरलेली मिशी थरथरायला लागली. ते पाहून सगळ्यात धाकट्या नातीनं खुदकन हसून घेतलं आणि मग सगळ्यांचाच बांध फुटला. राधाकिशन तर उकिडवा बसला होता तो कोलमडलाच. गुरुलिंग तेवढा हिरमुसला होता, त्याचा नदीचा मुलूख वाहून गेला होता.

हसून झाल्यावर चन्नप्पा म्हणाला, “पर मी एकदाबी सांडलं न्हाई, अक्का. इत्तासा होतो, तरी न्हाई सांडलं.”

शिवगंगेनं त्याच्या मिशीतली आंबील पदरानं पुसली. मग हळूच म्हणाली, “आईचा हात होता की खाली. साऱ्या शेतभर. तुला वाटायचं तूच वाहतुस. आमी कवा सांगितलं न्हाई.”

चन्नप्पानं पाठीमागं हात नेऊन ज्या दगडाला तो टेकला होता, त्याला चाचपलं. बोटांना शेंदूर लागला. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता, आता तर मुळीच आठवेना, पण मडक्याखालचा तो हात कसा असेल हे मात्र त्याला लख्ख कळलं, आणि त्याला आईची फार आठवण आली. सत्तर वर्षांच्या माणसाला येऊ नये इतकी आली.

राधाकिशनला वेगळीच काळजी लागली होती. मग माझ्या देवीचं काय, असं त्यानं विचारलं. वीस वर्षांचे नारळ त्याच्या डोळ्यांपुढं तरळत होते.

“ऱ्हाऊ दे की,” चन्नप्पा म्हणाला. “आमची आई हाय ती. लेकरांकडं बघती. तू काय चुकला न्हाईस.”

राधाकिशनचा जीव भांड्यात पडला. त्यानं लगेच टोपी सरळ केली आणि दगडाला नव्यानं नमस्कार केला. गुडघ्यांचं काम मात्र तसंच चालू राहील ना, एवढं साखराबाईनं विचारून घेतलं.

शिवगंगा काठीवर जोर देऊन उठली. अर्धं मडकं घेऊन उभ्या बसवराजकडं तिनं पाहिलं, मग भावाकडं. “आनि येक सांगू का, चन्ना? ते मडकंवाल्यानं म्हणायचं नसतंय. मागनं चालणाऱ्यानं म्हणायचं असतंय.”

चन्नप्पानं बोटांचा शेंदूर धोतराला पुसला. कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही, तरी तो आपणहून उठला. अंगावरची ओली घोंगडी काढून झटकली आणि बसवराजच्या खांद्यावर टाकली. मग त्याच्या हातातलं मडकं घेतलं, आणि आता हा पुन्हा स्वतःच निघतो की काय म्हणून साखराबाईनं डोळे मिटून घेतले. चन्नप्पानं ते लेकाच्या डोक्यावर ठेवलं आणि नीट बसवलं.

फेरी जिथं मोडली होती तिथूनच सुरू झाली. तांब्या साखराबाईनं घेतला. बसवराजला धास्तीनं घाम फुटला होता. वयाच्या पन्नाशीत त्याला पहिल्यांदा मडकं मिळालं होतं आणि सगळं गणगोत त्याच्याकडं बघत होतं. त्यानं दहा पावलं टाकली आणि बापाचंच रक्त ते, भरभर चालायला लागला. मडकं डुचमळलं.

चन्नप्पा लंगडत त्याला गाठायला गेला आणि मागून मडक्याला हात लावला. आरोळी ठोकायला त्यानं छाती भरून घेतली होती. पण आता ती ओरडायची गोष्ट राहिली नव्हती. बसवराजच्या कानाला तेवढं ऐकू जाईल असं तो म्हणाला, “चेल्लबेड मगा. मेल्लगे नडी.”

“व्हय, आप्पा,” बसवराज म्हणाला आणि त्याची चाल मंदावली.

हरभऱ्याच्या कडेनं सगळे निघाले. पोरांना नवे शब्द अजून जमत नव्हते, ती जुनंच ओरडत होती, आणि कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. शेवटच्या कोपऱ्यावर ढेकळांची जागा आली. मडक्याखालचा हात सुटू नये म्हणून चन्नप्पानं पाऊल जरा घाईनं टाकलं, तोच त्याच्या कोपराखाली मागून एक हात आला. सुरकुतलेला, काठी सोडून आलेला. पाठीशी शिवगंगेचा धापा टाकणारा आवाज होता. “मेल्लगे नडी, मगा.”

आई गेल्यापासून त्याला कुणी लेकरा म्हटलं नव्हतं. चन्नप्पानं वळून पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं ऐकलं आणि तो हळू चालायला लागला.